तिळशाचे मासे आणि वरचं पाणी

३ जून
मासेमारीबंदी लागून दोन दिवस झाले. वसईत नाक्यावरच्या बाजारात बर्फाच्या खोक्यांतून आलेले रोहू-कटलाच दिसतात, पापलेट नजरेला पडत नाही. शेजारचा पोरगा म्हणाला, "सर, लोणावळ्याहून महासीरची पिल्लं आणून आपल्या बावखलाच्या तळ्यात सोडली तर?" महासीर कधी बघितलायस का विचारलं, तर नाही. त्याला घेऊन शनिवारी वाड्याला जायचं ठरवलं.

७ जून
पारोळ, अंबाडी, कुडूस करत वाडा आणि तिथून तिळसे. वैतरणेच्या पात्रातल्या खडकांवर तिळसेश्वर महादेव, खाली खोल डोह. कुरमुरे टाकताच पाणी उकळल्यासारखं झालं. महासीरच: सोनेरी-करडी पाठ, जाड ओठ, तोंडाशी मिशा आणि खवले एवढे मोठे की वरून एकेक मोजावा. कुरमुरे विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "देवाचे हायत, कोण पकडील?" राज्यात अशी राखणीची ठिकाणं आणखीही आहेत. महाडकडे काळ नदीवर वाळण कोंड आहे, तिथं वरदायिनी देवीचा धाक.
पोरगा परतताना गप्प होता. बावखलाचं नाव त्यानं काढलं नाही.

१० जून
पाऊस नाही. जुन्या टिपणांत डोकं घातलं. भीमताळला १९८७ साली शीतजल मत्स्यसंशोधनाचं केंद्र निघालं. तिथं ट्राउटच्या जोडीला महासीरही अभ्यासतात. पण म्हणून आपल्याकडचा महासीर थंड पाण्याचाच मासा ठरत नाही. वाड्याच्या उन्हातही तो तगतो, खोल डोहाच्या आसऱ्यानं.
आपल्याकडच्या जातीला कर्नल साइक्सनं १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून शास्त्रीय नाव दिलं. पण तिचं बाळंतपण नीट पाहिलं ते डॉ. सी. व्ही. कुलकर्णींनी, १९७०च्या सुमारास, लोणावळ्याला टाटांच्या वळवण धरणाशेजारी. मादीचं पोट हलक्या हातानं दाबून अंडी ताटात घ्यायची, त्यावर नराचं वीर्य, मग पाणी. अंडी जड, तळाशी बसणारी. पिल्लू बाहेर पडायला तीनेक दिवस. कटला लाखांनी अंडी घालतो, महासीर हजारांच्या हिशेबात. बाहेर आलेली पिल्लं उजेड चुकवून कोपऱ्यात, गोट्यांच्या फटींत डोकी खुपसून पडतात, शेपट्या तेवढ्या हलत असतात. पोटाशी बलकाची शिदोरी असते, ती संपेपर्यंत हेच. नदीत त्या फटींत गाळ भरला तर पिल्लांनी डोकं कुठं घालायचं?
कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांची मला सगळ्यात आवडलेली युक्ती म्हणजे ओला कापूस. फळलेली अंडी त्यात ठेवून विमानानं पाठवायची, पाण्याचं ओझंच नाही! १९७९ साली त्यांनी त्यावर दोन पानांचा निबंध लिहिला. एवढं थोडक्यात लिहिणारे आता विरळाच.

१४ जून
रात्री सरी आल्या. कुलकर्णींच्या कामाची दुसरी बाजू वाचत बसलो. लोणावळ्याच्या पिल्लांना मागणी वाढली आणि सत्तरच्या दशकापासून ती कावेरीत सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महासीर निराळा, पाठीला कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महासीरांतला. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी गळकऱ्यांच्या नोंदी तपासल्या. आपला दख्खनी पाहुणा वाढत गेला होता, घरचा मासा घटत गेला होता. त्या कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख पटली ती २०१८ साली, तेव्हा तो नाहीसा व्हायच्या बेतात होता. 'अतिसंकटग्रस्त' म्हणून त्याची नोंद झाली तीही त्याच वर्षी.
मी कुलकर्णींना दोष देणार नाही. त्यांनी मासा वाढवायचा कसा ते शिकवलं. कुठल्या नदीत कुणाचा मासा सोडायचा, हा विचार सोडणाऱ्यांनी करायला हवा होता. पोरग्याला हे सगळं सांगितलं. "म्हणजे नदीला विचारायचं," तो म्हणाला. मी म्हटलं, निदान त्या नदीतले मासे आधी मोजायचे.

१९ जून
धो धो. आता डोहातले मासे अंडी घालायला पुराबरोबर वर निघायचे दिवस. वाहत्या, स्वच्छ पाण्यातले गोटे-वाळूचे उथळ भाग त्यांना हवेत. पण तिळशाच्या वर मोडकसागर उभा आहे १९५७पासून, त्याच्याही वर अप्पर वैतरणा, मधे २०१४ला पुरं झालेलं मध्य वैतरणा. सगळं पाणी मुंबईला. माशांना चढायला वाट कुठल्याच भिंतीत नाही. आपल्या नळाला सूर्येचं पाणी येतं, म्हणून वैतरणेचं दुखणं आपलं नाही असं वसईत कुणी समजू नये. ही नदी अर्नाळ्याच्या उत्तरेला आपल्याच दारात समुद्राला मिळते.
वैतरणेच्या गारगाई आणि पिंजाळ या उपनद्यांवरही मुंबईसाठी धरणं योजली आहेत. काम सुरू होण्याआधी कुणीतरी पावसाळ्यात त्या ओढ्यांच्या तळाशी हात घालून बघायला हवं: तिथं महासीरची अंडी आहेत का. एका कॉलेजातल्या ओळखीच्या प्राध्यापिकाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, विद्यार्थी आहेत, जाळी आहे, फक्त वनखात्याच्या परवानगीचा अर्ज कोण लिहिणार? अर्ज मी लिहितो म्हटलं.