वजडी इथली आणि वजडी तिथली

समाजकार्याच्या एका प्रशिक्षणासाठी आठ दिवस सिंगापूरला गेले होते. शनिवार-रविवार मोकळा मिळाला. एमएला माझ्याबरोबर असलेला, वसतिगृहात राहून शिकलेला मित्र गेली काही वर्षे तिथे आयटीत आहे. तो म्हणाला, "मॉल-बिल पाहू नकोस, तुला जेवायला नेतो." त्याच्याबरोबर ऑफिसातले दोन मराठी सहकारी आले. आम्ही गेलो ते हॉकर सेंटरला. म्हणजे वर छप्पर, खाली शंभरेक गाळे, मध्ये पक्की टेबले आणि छताला फिरणारे मोठे पंखे. चिनी, मलय, तामिळ, सगळ्यांची चूल एका छपराखाली.

समाजकार्यवाली असल्यामुळे माझे लक्ष आधी गाळ्यांकडे गेले. हे सगळे एकेकाळी रस्त्यावरचे फेरीवाले. 1968-69 मध्ये त्यांची नोंदणी झाली आणि पुढे 1971 ते 1986 या काळात त्यांना नळ, वीज, गटार असलेल्या जागा देऊन आत आणले गेले. 2020 मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे फेरीवाल्यांचा कायदा 2014 चा आहे, आणि गाडी आली की टोपली उचलून पळणारी मावशी अजून तशीच पळते आहे. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

मित्राने क्वे चॅप आणले. तांदळाच्या रुंद पापुद्र्यांसारख्या चकत्या, काळसर रस्सा आणि शेजारच्या ताटलीत डुकराची आतडी, टोफू, उकडलेले अंडे. आतड्याचा पहिला तुकडा तोंडात टाकला आणि मला थेट आईची चूल आठवली. रविवारी वडील वजडी आणायचे. आई ती उकळत्या पाण्यातून काढून दगडावर खरवडायची, सात-आठ पाण्यांनी धुवायची. अर्धा दिवस त्यातच जायचा. इथल्या रश्शाला दालचिनी आणि चक्रीफुलाचा वास होता, आमच्याकडे काळ्या मसाल्याचा. पण दाताखाली चिवटपणा तोच.

दोघा सहकाऱ्यांपैकी एकाने बोटे चाटत खाल्ले. आणखी एक ताटली मागवली. मग सहज, हसत हसत म्हणाला, "गंमत आहे बघा. हेच आमच्या गावात फक्त महारवाड्यातले लोक खायचे. आम्हाला तिकडून जाताना नाक दाबावं लागायचं. इथं मात्र क्लीन असतं."

मित्राची चॉपस्टिक थांबली. तो रश्शाकडे पाहत राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आले की इतक्या वर्षांत याने ऑफिसात सांगितलेलेच नाही. आडनाव असे की पटकन कळत नाही, आणि त्याने कळू दिले नाही.

मी म्हणाले, "आमच्या घरी दर रविवारी असायची वजडी. माझी आई यापेक्षा स्वच्छ धुते."

टेबलावर शांतता. "ताई, माझा तसा काही हेतू नव्हता," तो म्हणाला. नसेलही. माझा प्रश्न त्याच्या हेतूचा नाहीच. तेच आतडे चिनी अंकलच्या हातून आले की 'ऑथेंटिक', आणि माझ्या आईच्या हातून आले की नाक दाबायचे, तर मग घाण नेमकी कशाला चिकटलेली आहे? मांसाला तर नाही. बाबासाहेबांनी 1948 साली 'द अनटचेबल्स' मध्ये गोमांसाचा आणि अस्पृश्यतेचा संबंध मांडला, तो हाच धागा आहे. 1927 ला महाडमध्ये मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे त्यांनी सांगितले ते आपल्या माणसांचा स्वाभिमान जागा व्हावा म्हणून. त्याचा अर्थ आपल्या आज्यांच्या स्वयंपाकाची लाज बाळगा असा आपल्यातल्याच काही शिकलेल्यांनी लावून घेतला आहे. घरातल्या चान्यांचा, रक्तीचा उल्लेख पाहुण्यांसमोर टाळणारे बौद्ध मी पाहिले आहेत. मीही टाळला आहे, एमएच्या पहिल्या वर्षी.

उष्टी भांडी ठेवायला गेलो तर तिथे दोन वेगळे रॅक. एक हलालचा, एक बाकीच्यांचा. दुसरा सहकारी लगेच म्हणाला, "बघा, वेगळी भांडी इथंही आहेत." हा युक्तिवाद तुम्हालाही ऐकवला जाईल, म्हणून सांगते. तो रॅक पदार्थ पाहतो, माणसाची जात पाहत नाही. मी हलाल गाळ्यावर जेवले तर माझे ताट हलालच्याच रॅकमध्ये जाते, मी कोणाच्या पोटी जन्मले हे कोणी विचारत नाही. मुस्लिम माणूस स्वतःच्या ताटापुरता नियम पाळतो, शेजारच्या टेबलावर डुक्कर खाणाऱ्याला उठवत नाही. आपल्याकडे गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी होती ती कपात काय ओतले आहे म्हणून नव्हती, ओठ कोणाचे आहेत म्हणून होती. आणि आज शहरात 'फक्त शाकाहारींना घर' अशी पाटी लागते तेव्हा तिला भाजीशी फार देणेघेणे नसते.

इथपर्यंत मला माझे म्हणणे बरोबर वाटत होते.

परतताना मेट्रोत मित्र बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तू बोलून मोकळी झालीस. तू बुधवारी विमानात बसशील. मला सोमवारी त्याच्या शेजारी बसायचंय. तू माझी मैत्रीण, मग मी कोण, हे आता तो शोधत बसेल."

मी म्हणाले, "शोधू दे ना."

"हे तू म्हणू शकतेस. तुझं कामच आहे ते. माझा व्हिसा नोकरीवर आहे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. सिएटल शहराने 2023 मध्ये भेदभावविरोधी कायद्यात जात हा शब्द घातला, हे मला माहीत होते. पण त्या डब्यात उभ्या असलेल्या माणसाला ते सांगून काय उपयोग? मी गप्प राहायला हवे होते का, हे मला आजही ठरवता आलेले नाही. माझ्या आईबद्दल मी बोलले, हे चूक वाटत नाही. पण त्याच्या वतीने निर्णय मी घेतला, हेही खरे आहे.

त्याचे स्टेशन आले. दार उघडल्यावर उतरता उतरता त्याने विचारले, "काळा मसाला आणला आहेस का गं थोडा?" आणला नव्हता. गेल्या महिन्यात कुरिअरने पाठवला.