रास्त गंधार

आमच्या माकणी गावात ‘रास्त’ म्हटलं की रेशनचं दुकान आठवतं, रास्त भावाचं. हाच फारसी शब्द अरबी संगीतात एका मकामाचं नाव होऊन बसलाय, हे मला भजनात पेटी धरून वीस वर्षं झाल्यावर कळलं. मकाम म्हणजे नुसती सुरावट नव्हे. कुठून उठायचं, कुठं रेंगाळायचं, कुठं विसावायचं, हे रागासारखंच त्यात ठरलेलं.

एका रात्री मोबाइलवर ऊद या अरबी तंतुवाद्यावरचा रास्त लावला आणि पेटी ओढली. उदाच्या दांडीला पडदे नसतात. पांढरी एकचा षड्ज जुळला, रिषभही जुळला. गंधारावर अडलो. काळी दोन दाबली तर कमी, पांढरी तीन दाबली तर जास्त. सूर नेमका दोन पट्ट्यांमधल्या फटीत.

त्या सुराला ‘सीका’ म्हणतात. तेही नाव फारसीच, अर्थ ‘तिसरी जागा’. ती जागा कैरोत जरा उतरती, अलेप्पोत जरा चढी. 1932 साली कैरोत मोठी संगीत परिषद भरली, तेव्हा सप्तकाचे 24 सारखे भाग करावेत का, पियानो चालवून घ्यावा का, यावर जाणकार भांडले. आपल्याकडं 1940 मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, तीही पट्ट्यांमधले सूर पेटीत सापडत नाहीत, असल्याच तक्रारीपायी.

मला मात्र आमच्या मंडळातले आबा आठवले. एकादशीच्या भजनात अभंग आळवताना त्यांचा गंधार थोडा खाली लागायचा. मी मुद्दाम पांढरी पट्टी दाबून भाता जोरात मारायचो.

“आबा, सूर उतरतोय.”

“तुझी पेटी शिकल्याली हाय लेकरा, माझा गळा न्हाई,” म्हणायचे आणि पुन्हा तिथंच जायचे.

आबांनी अरबस्तानचं गाणं कधी ऐकलं नव्हतं. ते रास्त गात होते असं मी म्हणत नाही. पण बेसूर माणसाचा सूर दर वेळी वेगळीकडं घसरतो. आबांचा दर वेळी त्याच जागी लागायचा. हे मला त्या रात्री, फटीवर बोट ठेवून बसल्यावर उमगलं. तोवर आबा गेले होते.

आता कुणी जुना गळा तशा जागेवर आला की मी गंधारावरचं बोट उचलतो. षड्ज-पंचम तेवढे धरून ठेवतो.