कॅम्प नंबर तीनमधले वाटोपिया

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर ज्यांची उभी हयात गेली, त्यांनाही उल्हासनगर हे स्टेशन ठाऊक असते, गाव ठाऊक नसते. कल्याण सुटले, विठ्ठलवाडी गेले, की खिडकीबाहेर छपरांची लांबलचक रांग लागते. वालधुनी जवळ आल्याचे आधी नाकाला कळते. आणि अंबरनाथ येईपर्यंत उतारू डोळे मिटून घेतो. दिवाळीच्या सुट्टीत कुणी उल्हासनगर कॅम्प नंबर तीन पाहावयास जावे असे सुचवले, तर लोक हसतील. हसोत बिचारे! मी या गावात पंधराएक वर्षे मराठी शिकवतो आहे, आणि गेल्या वर्षभरात याच कॅम्पातून एका बेटावर कितीतरी वेळा जाऊन आलो आहे. बेटाचे नाव वाटोपिया. शाळेच्या ॲटलासात ते सापडावयाचे नाही.

पण आधी गावाविषयी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपले, छावणी ओस पडली, आणि १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर निर्वासितांना त्याच बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला नाव मिळाले. मात्र छावणीचे आकडे काही पुसले गेले नाहीत. आजही इथला माणूस पत्ता सांगताना 'थ्री नंबर' म्हणतो आणि रिक्षावाल्याला ते पुरते. चार दिवसांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या जागेत तीन पिढ्या नांदल्या. बराकींवर मजले चढले, पुढे ओटे आले, ओट्यांची दुकाने झाली, आणि दुकानांचा माल रस्त्यावर आला. सेक्शन सतराच्या चौकात सकाळी दहा वाजता सायकल घालणाऱ्या माणसाला मी शूर म्हणेन, शहाणा म्हणणार नाही.

अशा गावात एका गृहस्थांवर रोज सायकल चालवण्याची पाळी आली. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे ते वडील. कापडाचे दुकान, वय अठ्ठावन्न, स्वभाव व्यापाऱ्याचा, म्हणजे शेजारच्या दुकानाची बोहनी आपल्याआधी झाली तर चहा कडू लागावयाचा. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घालावा लागला. डॉक्टरांनी पुढे व्यायाम सांगितला, पण अट घातली : रोज चाळीस मिनिटे, एकाच चालीने, आणि नाडी अमुक आकड्याच्या वर जाता कामा नये. शेठ टेकडीवर फिरावयास गेले. तिथे कुणी पुढे निघून गेला की शेठना राहवेना. दोनदा छातीवर हात धरून खाली बसले. भाभींनी मग चपलाच लपवून ठेवल्या.

दुबईला असलेल्या मुलाने यावर एक यंत्र आणून बसवले. सायकलचे मागचे चाक काढावयाचे आणि साखळी या ट्रेनरच्या दात्यांवर चढवावयाची. सायकल जागची हलत नाही. पण पडद्यावर चढ आला की यंत्र पायडल जड करते, उतार आला की हलके. आपण किती वॅट जोर लावला ते संगणकाला कळते, आणि त्या हिशेबाने पडद्यावरचा आपला स्वार झ्विफ्ट नावाच्या कार्यक्रमातल्या वाटोपिया बेटावर धावतो. दहा बाय बाराची खोली, भिंतीवर झूलेलालची तसबीर, खाली सायकल, समोर टेलिव्हिजन आणि बाजूला उभा पंखा. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसू आवरेना. शेठ घामाने निथळत होते आणि पडद्यावर समुद्रकिनारा मागे पळत होता.

"सर, ती पुढे आहे ना, ती मारिया," शेठ म्हणाले. "तिला सोडायचं नाही."

मारिया कुणी बाई नव्हे. तो संगणकाने चालवलेला स्वार. २०२० साली असे सोबती या बेटावर प्रथम आले तेव्हा त्यांना 'पेस पार्टनर' म्हणत. २०२२ पासून 'रोबोपेसर' म्हणतात. कोको, कॉन्स्टन्स, मारिया अशी त्यांची नावे, आणि प्रत्येकाची चाल ठरलेली. ती वेगाने मोजत नाहीत, शरीराच्या दर किलोमागे किती वॅट, अशी मोजतात. समजा, सोबत्याची चाल किलोमागे दीड वॅटची आहे आणि आपले वजन ऐंशी किलो आहे, तर त्याच्या बरोबरीने जावयास साधारण एकशेवीस वॅट लावावे लागतील. घरातला जुना छताचा पंखा पाऊणशे वॅट खातो. म्हणजे शेठ पायांनी दीड पंखा फिरवतात म्हणा ना! मारिया संथ, कोको तिच्याहून चपळ, आणि कॉन्स्टन्सच्या मागे लागणे हे तरुण शर्यतपटूंचे काम. रात्री दोन वाजता या, दिवाळीच्या पाडव्याला या, मारिया चालतेच आहे. तिला दम लागत नाही, राग येत नाही, आणि शेजारून कुणी सुसाट गेले तरी ती चाल वाढवत नाही.

आता वाऱ्याची गोष्ट. सपाट रस्त्यावर वेगाने सायकल मारणाऱ्याचा बहुतेक जोर हवा बाजूला सारण्यात जातो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यावयास लागणारी शक्ती घनाने. म्हणून दुसऱ्याच्या मागे, चाकाला चाक लागेल इतक्या जवळ राहिले, की मागच्याची चौथाई-तिहाई मेहनत वाचते. नेदरलंड्समधल्या आइंडहोवेन विद्यापीठातल्या बर्ट ब्लॉकन यांच्या तुकडीने २०१८ साली १२१ स्वारांच्या जथ्याचा हिशेब मांडला, तेव्हा जथ्याच्या पोटातल्या काही स्वारांना एकट्या स्वाराच्या जेमतेम पाच ते दहा टक्के अडथळा सोसावा लागतो असे आढळले. वाटोपियात वारा नाही, पण त्याचा हिशेब आहे. मारियाच्या मागे नीट राहिलो की तेवढ्याच जोरावर अधिक वेग मिळतो. पडद्यावरचा आपला स्वार हँडलवरून उठून जरा ऐसपैस बसतो, त्यावरून आडोसा लाभल्याचे ओळखावयाचे. चार हात मागे पडलो की आडोसा तुटतो, आणि मग दुप्पट तडफड केल्याशिवाय गाठता येत नाही. उलट गंमत अशी, की घोळका मोठा झाला म्हणजे सगळेच एकमेकांच्या आडोशाने फुकट वेग मिळवतात आणि मारियाच्याही पुढे सरकतात. तिथे हात आखडता घ्यावा लागतो. शेठना सगळ्यात जड गेले ते हेच. पुढे जाता येत असताना न जाणे!

मुलाने मग त्यांना गुणांची गोम दाखवली. सोबत्याजवळ जितका वेळ टिकून राहाल, तितका गुणांचा दर चढत जातो. साथ सुटली की दर खाली येतो. शेठ गहिवरून म्हणाले, "हे तर व्याज आहे!" त्या दिवसापासून त्यांनी मारियाला सोडले नाही.

आडोशासाठी माणसाने काय काय केले याला सीमा नाही. चार्ल्स मर्फी नावाच्या अमेरिकन स्वाराने ३० जून १८९९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर चालत्या आगगाडीच्या मागे सायकल घातली. रुळांमध्ये फळ्या अंथरल्या होत्या, शेवटच्या डब्याला मागे लाकडी आडोसा बांधला होता. एक मैल त्याने मिनिटाच्या आत, ५७.८ सेकंदांत, काटला. आपण लोकलच्या मागे धावतो ते निराळ्या कारणासाठी.

हे मी शेठना सांगितले, तर त्यांनी वडिलांची आठवण काढली. ते सख्खरहून आले होते. पन्नासच्या दशकात सायकलला कापडाचे गठ्ठे बांधून बदलापूरकडच्या खेड्यांत फेरी करीत. तिघे-चौघे फेरीवाले पहाटे एकत्र निघत आणि एकामागे एक असे चालत. पुढचा दमला की बाजूला होई आणि मागचा पुढे येई. कुणाला काही सांगावे लागत नसे. एक जण तापातून उठला होता, त्याला महिनाभर कुणी पुढे येऊच दिले नाही. त्या लोकांनी हवेच्या दाबाचे गणित वाचले नव्हते.

आपल्याकडे ही विद्या जुनीच. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींचे हात ओवीच्या ठेक्यावर फिरत; वारीत दमलेली म्हातारी टाळाच्या तालावर पुढचा कोस काढते. सोबतीने माणूस अधिक चालतो याचा शास्त्रीय शोध मात्र सायकलवरूनच लागला. इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिप्लेट याने सायकलशर्यतींचे आकडे तपासून १८९८ साली निबंध लिहिला. एकट्यापेक्षा पुढे चालक असलेला स्वार बराच वेगाने जातो, हे त्यात दिसले. कारणे शोधताना त्याने वाऱ्याच्या आडोशाबरोबर डोक्याच्या काळजीचाही विचार केला : पुढच्याला चाल ठरवण्याची चिंता वाहावी लागते, मागच्याला नुसते अनुसरावयाचे असते. शेठना मारियाने वारा अडवून दिला नाही, ही काळजी उतरवून दिली. बाजारात चाळीस वर्षे पुढे राहण्याची चिंता वाहिलेल्या माणसाला हे औषध थोडे नव्हे.

पण सोबती माणूसच हवा का? मिशिगन स्टेट विद्यापीठात डेबोरा फेल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली हे पाहिले. व्यायामात संगणकाचा सोबती असला तरी लोक एकट्यापेक्षा अधिक टिकले. खऱ्या माणसाच्या सोबतीने त्याहून अधिक. जी वस्ती आपल्या मालावर 'मेड इन यू.एस.ए.', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा शिक्का मारते असा विनोद अख्ख्या मुंबईने केला, तिला नकली आणि अस्सल यांतला हा फरक कुणी शिकवावयास नको. शेठांचा निकाल व्यापारी आहे : "नकली माल वाईट नसतो, सर. अस्सलच्या भावात विकला तर वाईट."

मला मात्र एक गोष्ट खटकते. मारिया मागे वळून पाहत नाही. गेल्या उन्हाळ्यात एकदा शेठांची नाडी ठरल्या आकड्याच्या वर गेली आणि पाय मंदावले. मारिया आपल्या चालीने निघून गेली, घोळक्यातले शे-दीडशे स्वारही गेले. त्यांत देशोदेशीची खरी माणसे होती. एकमेकांना अंगठा दाखवून शाबासकी देणारी. पण आपापल्या खोलीत बसलेल्यांना शेठांचा पांढरा पडलेला चेहरा कसा दिसावा? दिसला तो भाभींना. त्या रोज दारात मेथी निवडत बसतात, डोळे नाडीच्या आकड्यावर. "बस, साईं," म्हणत त्यांनी उठून पंखा जवळ ओढला. शेठ थांबले, हे त्यांचे तीन वर्षांतले शिक्षण. पूर्वीचे शेठ थांबले नसते.

अशा खोलीत केवढे कष्ट होतात याची कल्पना असावी म्हणून सांगतो. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली आळीपाळीने सायकल चालवत, सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी केली. जून २०२० मध्ये, साथीच्या दिवसांत, त्याच शर्यतीची घरबसली आवृत्ती निघाली. भारतीय सैन्यातले लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू बंगळूरच्या एका खोलीत बारा दिवस पायडल मारून, चार हजारांहून अधिक किलोमीटर 'जाऊन', तिसरे आले. खोलीतला घाम अस्सलच असतो.

शेठांची तपासणी गेल्या महिन्यात झाली. डॉक्टरांनी आता रस्त्यावर जावयास हरकत नाही म्हटले, पहाटे आणि बेताने. अंबरनाथचे शिवमंदिर, शिलाहारांच्या काळातले, १०६० सालचे, इथून सायकलने तासाभराचीही वाट नाही. पण शेठ तिथे लहानपणानंतर गेलेले नाहीत. लक्ष्मीपूजन आटोपले की पुढच्या रविवारी जावयाचे ठरले आहे. मी माझी जुनी सायकल दुरुस्तीला टाकली आहे. भाभींनी मला बजावून ठेवले आहे, की सर, तुम्ही पुढे राहा, आणि दर दोन मिनिटांनी मागे बघा.