आमच्या नर्सबाई

दुसऱ्याच्या श्रद्धेची थट्टा करणे फार सोपे असते. विशेषतः आपण आरामखुर्चीत बसलेलो असलो आणि ते माणूस आपल्याच घरी राबत असले म्हणजे! हे शहाणपण मला पन्नाशी उलटल्यावर सुचले आणि ते शिकवले आमच्या नर्सबाईंनी.

आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली, तेव्हापासून त्या मरोळ गावठाणातून अंधेरीला आमच्याकडे येत. येण्यापूर्वी चर्चमधली पहाटेची उपासना त्यांनी कधी चुकवली नाही. एकदा चहा घेता घेता मी मोठ्या चतुराईने विचारले, “काय हो सिस्टर, प्रार्थनेने ताप उतरतो का?”

आईच्या पायांना तेल चोळीत त्या म्हणाल्या, “ताप औषधानंच उतरतो, सर. पण रात्रभर जागून सकाळी पुन्हा हसतमुखानं उभं राहायचं, तर मला कुठून तरी बळ आणावं लागतं.”

माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने इतके नेमके उत्तर दिले असते, तर मी त्याची पाठ थोपटली असती. येथे मी नुसता हसलो.

एका मे महिन्यात त्यांच्याबरोबर मी सीप्झमधले ओसाड चर्च पाहिले. सेंट जॉन द बाप्टिस्टच्या नावाचे हे चर्च जेझुइट पाद्र्यांनी १५७९ साली बांधले. १८४० मध्ये साथ आली. वस्ती मरोळला गेली आणि चर्च ओस पडले. १९७३ साली सीप्झ वसले, सभोवार कारखाने उठले. तरी वर्षातून एकदा ईस्ट इंडियन कुटुंबे तेथे जमतात आणि छप्पर नसलेल्या त्या भिंतींत उपासना होते. ‘साथीला भिऊन देवाचेही घर सोडणारे हे भक्त!’ असे मी तेव्हा मनाशी म्हटल्याचे मला पक्के आठवते.

पुढे २०२० चा एप्रिल उजाडला. आईला एका संध्याकाळी ताप भरला, खोकलाही होता. मी तिच्या खोलीच्या उंबरठ्यावर थबकलो. माझे वय, माझा मधुमेह, घरातली मुले. सबबींना काय तोटा? चर्चची दारे तेव्हा बंद होती. नर्सबाई मरोळहून चालत आल्या, तोंडाला पट्टी बांधली, हातमोजे चढवले आणि माझ्या शेजारून आत गेल्या.

ताप साधाच निघाला. परंतु त्या रात्री ते कोणालाच ठाऊक नव्हते, त्यांनाही नाही.

मी काही श्रद्धाळू झालो नाही. मात्र त्या ओसाड चर्चचा विषय निघाला की आता मी गप्प बसतो. तेथून गेलेली माणसे निदान वर्षातून एकदा परत येतात. आईच्या खोलीचा तो उंबरठा मात्र मी रोज ओलांडतो, आणि रोज क्षणभर थबकतो.