मोकळी वाट

आमचे चारकोप हे पाण्याच्या कडेचे गाव. पश्चिमेला मनोरीची खाडी, तिच्या काठाने पसरलेले तिवरांचे दाट रान आणि भरतीच्या वेळी वाऱ्याबरोबर येणारा तो ओळखीचा खारा वास. पाण्याच्या इतक्या शेजारी राहणाऱ्याला आगीची भीती ती कसली, असे मला पुष्कळ वर्षे वाटत असे. परंतु गच्चीवर जाऊन पाठ खाडीकडे केली, की इमारतींच्या फटींतून पूर्वेकडील डोंगरांची निळसर रांग दिसते. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. पावसाळ्यात त्यांच्यावर माणसाच्या कमरेइतके गवत माजते आणि मार्गशीर्ष लागता लागता तेच गवत वाळून कोळ होते. मग एक ठिणगी पुरते.

३ डिसेंबर २०१८ ची ती संध्याकाळ. दिवेलागणी नुकतीच झाली होती. मुलांच्या वह्या तपासून मी पाय मोकळे करण्यासाठी गच्चीवर गेलो, तो तेथे शेजारीपाजारी आधीच जमलेले. सर्वांच्या नजरा एकाच दिशेला लागल्या होत्या. दिंडोशीच्या अंगाला, गोरेगावच्या डोंगरावर, आकाश तांबूस झाले होते. ती दिशाही नेमकी आग्नेय! वणवा पेटला होता.

“चला, जवळून पाहून येऊ,” कोणी तरी म्हणाले. दोघेतिघे तरुण जिन्याकडे वळलेही. “आणि कोणाला मदत लागली तर तीही करू,” दुसऱ्याने पुस्ती जोडली. एरवी मीही निघालो असतो. परंतु त्या क्षणी तीन वर्षांपूर्वीची एक दुपार माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली आणि माझे पाय तेथेच थबकले.

७ डिसेंबर २०१५ रोजी कांदिवली पूर्वेला, त्याच रानाच्या कडेला असलेल्या दामूनगर वस्तीला भयंकर आग लागली होती. घरांतील गॅसची सिलिंडरे एकामागून एक फुटत होती आणि चढावावर दाटीवाटीने उभ्या असलेल्या शेकडो झोपड्या पाहता पाहता भस्म होत होत्या. बातमी कळताच मी जुने कपडे आणि बिस्किटांचे पुडे पिशवीत भरून धावत सुटलो. मनात कळवळा होता. काही तरी केले पाहिजे असे तीव्रतेने वाटत होते. वस्तीच्या अलीकडे रस्ता माणसांनी फुलून गेला होता. त्यांतले कित्येक माझ्यासारखेच मदतीला आलेले, तर कित्येक नुसते पाहायला. त्या गर्दीत मी शिरलो आणि पुढे सरकता येईना तसा उभा राहिलो.

इतक्यात समोरून रुग्णवाहिका आली. तिचा भोंगा आक्रोश करीत होता. चालक डोके बाहेर काढून ओरडत होता, “बाजूला व्हा हो, बाजूला व्हा!” मला बाजूला व्हायचे होते, पण माझ्या मागे माणसे, त्यांच्या मागे आणखी माणसे आणि त्यांच्याही मागे रस्त्यात आडव्यातिडव्या लावलेल्या दुचाक्या. ती गाडी माझ्यापासून दोन हातांवर अडकून राहिली. काचेतून आत एक लहानसा हात दिसत होता आणि त्या हातावर पांढरे ओले फडके टाकलेले होते. किती मिनिटे गेली, मला सांगता येणार नाही. मला ती फार मोठी वाटली. त्या लेकराला ती किती मोठी वाटली असतील, देव जाणे. ते मूल कोण होते, त्याचे पुढे काय झाले, हे मला कधीच कळले नाही.

पिशवी तशीच घेऊन मी घरी परतलो. शेजारच्या काकूंनी आयुष्याची तीस वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काढली आहेत. माझा चेहरा पाहून त्यांनी आधी चहा पुढे ठेवला आणि मग सारी हकीकत ऐकून घेतली. त्या रागावल्या नाहीत. इतकेच म्हणाल्या, “मास्तर, तुमची माया खरी होती, पण ती वाटेत उभी होती.”

ते वाक्य मला चांगलेच झोंबले. पुढे अनेक संध्याकाळी मी त्यांच्याकडून त्या कामाची रीत समजावून घेतली. मोठी आग म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे ज्वाळा आणि पाण्याचे फवारे येतात. परंतु माणसे वाचतात ती पाण्याइतकीच व्यवस्थेने. आगीच्या ठिकाणी एक अधिकारी प्रमुख असतो आणि सर्वांनी त्याचेच ऐकावयाचे असते. वारा कोणीकडून वाहतो हे पाहून, जिकडे धूर जाणार नाही अशा बाजूला माणसांना एकत्र आणतात. कारण आगीत ज्वाळांपेक्षा धूरच अधिक बळी घेतो. जखमींना आणण्यासाठी व नेण्यासाठी एक वाट मोकळी राखतात. तेथे वैद्य जखमींची निवड करतात. ज्याला तत्काळ उपचार न मिळाले तर प्राणाशी गाठ आहे, त्याला तांबडी खूण. जो थोडा वेळ थांबू शकेल, त्याला पिवळी. आणि जो आपल्या पायांनी चालू शकतो, त्याला हिरवी.

“म्हणजे जो जास्त ओरडतो, त्याला आधी नव्हे?” मी विचारले.

“छे! पुष्कळदा जो अगदी गप्प असतो, त्याच्याकडेच आधी धावावे लागते,” काकू म्हणाल्या.

अशी निवड करण्याची प्रथा सुमारे दोनशे वर्षांपूर्वी नेपोलियनच्या सैन्यातील डॉमिनिक लॅरे या शस्त्रवैद्याने घालून दिली. जखमी सैनिकाचा हुद्दा न पाहता त्याची जखम पाहावी, हा त्याचा नियम होता. त्यापुढचे कामही तितक्याच महत्त्वाचे. सगळे जखमी एकाच रुग्णालयात नेले, तर तेथील खाटा आणि हात दोन्ही अपुरे पडतात. म्हणून कोणत्या रुग्णालयात किती जागा आहे हे विचारून रुग्ण वाटून दिले जातात. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. आणि रुग्णवाहिका येईपर्यंत आपण काय करावे? भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार वाहते पाणी सोडावे आणि मग ती स्वच्छ फडक्याने सैल झाकावी. बर्फ, तूप, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये.

हे सारे आठवून मी त्या संध्याकाळी गच्चीवरील तरुणांना म्हणालो, “थांबा. तेथे आपले काम नाही. आपले काम येथे आहे.” आणि त्यांना दामूनगरच्या दुपारची गोष्ट सांगितली. आपली चूक चारचौघांत सांगणे सोपे नसते; पण ती ऐकून जिन्यावर गेलेली पावले परत फिरली.

अवघ्या पंचवीस दिवसांपूर्वी, ८ नोव्हेंबर २०१८ रोजी, अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पॅराडाइज नावाच्या गावावर असाच वणवा चालून आला होता. त्यात ८५ माणसे मरण पावली. गावाबाहेर पडण्याचे रस्ते मोटारींनी इतके तुंबले, की काहींना मोटारी सोडून पळावे लागले. त्याही स्थितीत तेथील रुग्णालयाच्या सेवकांनी रुग्णांना बाहेर काढले. रुग्णवाहिका पुरेनात तेव्हा स्वतःच्या मोटारींत बसवून नेले. कोणाला उचलून न्यावे लागेल आणि कोण चालू शकेल, हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच अशा वेळी धावपळीचे रूपांतर कामात करता येते.

काकूंनी वही मागवली. “आपल्या इमारतीत उद्या असा प्रसंग आला, तर स्वतःहून जिना उतरू न शकणारे कोण कोण आहेत?” त्यांनी विचारले. आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. इतकी वर्षे एकत्र राहूनही चटकन उत्तर देता येईना. मग हळूहळू यादी झाली. दुसऱ्या मजल्यावरचे अर्धांगवायू झालेले आजोबा. दिवस भरत आलेली एक सून. आणि एक बहिरा मुलगा. त्याला कोणाचीही हाक ऐकू जाणार नव्हती आणि हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. प्रत्येकासमोर आम्ही दोघांची नावे लिहिली. मग खाली उतरून तरुणांनी फाटकासमोरच्या दुचाक्या हलवल्या.

तिकडे डोंगरावर अग्निशमन दलाचे जवान आणि वनरक्षक रात्रभर झुंजत होते. बंबांना डोंगर चढता येत नाही. रानातला वणवा पायी जाऊन, ओल्या फांद्यांनी झोडपून, जाळरेषा राखून आवरावा लागतो. सावधगिरी म्हणून रानाच्या कडेच्या माणसांना आणि गुरांना सुरक्षित जागी हलवण्यात आले होते. सकाळी वणवा आटोक्यात आल्याची आणि जीवितहानी झाली नसल्याची बातमी आली. आम्ही त्यात काहीच केले नव्हते, तरीही त्या सकाळी मला मन हलके वाटले.

ती यादी आजही आमच्या जिन्याखाली लावलेली आहे. दर दिवाळीला आम्ही ती नव्याने लिहितो. एखादे नाव गळते, एखादे वाढते. फाटकासमोर कोणी दुचाकी ठेवली, तर मुलेच ती हलवायला लावतात. आणि रस्त्यात रुग्णवाहिकेचा भोंगा कानी पडला, की मी तत्काळ कडेला होतो, शेजारच्यालाही हाताने कडेला घेतो. गाडी निघून जाते. तिच्या काचेतून मला दर वेळी तो लहानसा हात दिसतो.