क्वीबेक : पूर्वजांच्या शोधात

कॅनडाच्या पूर्वेकडील क्वीबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलतात. त्यांचे पूर्वज साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी फ्रान्सहून जहाजाने आले. प्रांताची राजधानी क्वीबेक शहर हे 1608 साली सेंट लॉरेन्स नदीकाठी वसले. शहराजवळच नदीत ऑर्लेआँ नावाचे बेट आहे. पुलावरून आम्ही तेथे गेलो. बेटावर शेते, फळबागा आणि जुनी दगडी घरे आहेत. सेंत-फामी गावात 'आपल्या पूर्वजांचे घर' अशा अर्थाच्या नावाची एक वास्तू आहे. कॅनडा-अमेरिकेतील माणसे आपल्या कुळाचा मूळपुरुष शोधत येथे येतात.

हा शोध लागतो कसा? तर चर्चच्या नोंदवह्यांमुळे. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद पाद्री करीत आणि लग्नाच्या नोंदीत वधूवरांच्या आईबापांची नावे लिहीत. 1640 साली क्वीबेकचे चर्च जळाले, वह्याही जळाल्या. तेव्हा लोकांच्या आठवणींवरून त्या पुन्हा लिहून काढल्या. पुढे पाद्री सिप्रियँ तांगे यांनी अशा नोंदींवरून 1871 ते 1890 या काळात वंशावळीचे सात खंड छापले.

आडनावांची गंमत मात्र वेगळीच. 1665 साली फ्रान्सच्या राजाने सुमारे 1,200 शिपाई तेथे पाठविले. त्यांतील चारशेच्या आसपास तेथेच स्थायिक झाले. पलटणीत शिपायांना टोपणनावे असत : लाफ्लर म्हणजे फूल, सान्सुसी म्हणजे बिनघोर, त्रांशमोंतान्य म्हणजे डोंगर कापणारा! मूळ आडनावापुढे 'दी', म्हणजे आपल्या भाषेत 'ऊर्फ', लावून ही नावे वहीत चढली. पुढच्या पिढ्यांत एका भावाने मूळ आडनाव ठेवले, दुसऱ्याने ऊर्फचे. त्यामुळे आज भिन्न आडनावांची माणसे एकाच कुळातील निघतात.

आम्हांस विशेष वाटले ते स्त्रियांबद्दल. 1663 ते 1673 या काळात राजाने सुमारे 800 मुली वसाहतीत पाठविल्या. त्यांत कित्येक गरीब, अनाथ होत्या. लग्नानंतरही वहीत त्यांचे नाव माहेरचेच राहिले. म्हणून तेथे बापाप्रमाणेच आईची, आईच्या आईचीही वंशावळ काढता येते. 1981 पासून तर कायद्यानेच विवाहित स्त्रीचे नाव जन्माचे तेच राहते.

पोटासाठी मात्र काहींची नावे बदलली. 1840 ते 1930 या काळात सुमारे नऊ लाख लोक क्वीबेक सोडून अमेरिकेत गेले. त्यांतील पुष्कळजण लॉवेलसारख्या गावांतील कापडगिरण्यांत राबले. तेथे कोणी लब्लाँचा व्हाइट झाला, कोणी रॉयचा किंग.

पण त्याच वह्यांत आणखी एक वर्ग आहे. तो म्हणजे गुलामांचा. इतिहासकार मार्सेल त्रुदेल यांनी जुनी दप्तरे चाळून सुमारे 4,200 गुलाम शोधून काढले. त्यांतील बहुसंख्य त्या भूमीचे मूळनिवासी, बाकीचे आफ्रिकी वंशाचे. पुष्कळांच्या नोंदीत पाद्र्याने ठेवलेले एकच नाव आणि मालकाचे नाव. आईबापांचा पत्ता नाही. मॉन्ट्रियलला आग लावल्याचा आरोप ठेवून 1734 साली आंजेलिक नावाच्या गुलाम स्त्रीला फाशी दिले. तिचेही आडनाव कोणास ठाऊक नाही. 2012 साली त्या शहरातील एका चौकाला तिचे नाव देण्यात आले.

शिपायाच्या वंशजाला बारा पिढ्या सापडतात, गुलामाच्या वंशजाला एकही सापडत नाही. वही कोणाच्या हातात होती, यावर कोणाचा इतिहास उरला हे ठरले. म्हणून वाचकहो, घरातील वृद्ध माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. आजोबांचे गाव, आजीचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव विचारा आणि मुलाबाळांच्या हाताने वहीत लिहून ठेवा. आपली वही आपणच लिहावयाची असते.