पुट्टीखालचा पत्रा

अब्बांची पद्मिनी विकायची ठरली, तेव्हा मी पहिल्यांदा जमिनीवर चटई टाकून तिच्याखाली शिरलो. डाव्या बाजूला, दरवाजांच्या खाली जी लांब पोकळ पट्टी असते, तिथं रंगाला दोन फुगे आले होते. मी अंगठ्यानं एक फुगा दाबला. अंगठा आत गेला. बिस्किट चहात जास्त वेळ राहिल्यावर जसं होतं, तसं.

गाडी १९८९ ची. अब्बांनी ती १९९८ साली सेकंडहँड घेतली. त्याआधीची पंचवीसएक वर्षं त्यांनी मुंबईत दुसऱ्याची टॅक्सी चालवली. आठवडाभर तिकडं नागपाड्यात, आणि सुट्टीला गुजरातकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं बोईसर. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ ला, तोवर अब्बांचं टॅक्सीचं आयुष्य संपलं होतं. काळी-पिवळी कधीच त्यांच्या नावावर नव्हती, म्हणून निवृत्त होताना त्यांनी तीच गाडी, पण पांढऱ्या रंगात, स्वतःसाठी घेतली. लोक म्हणाले, आता मारुती घ्यायची की. अब्बा म्हणाले, मला गिअर स्टिअरिंगजवळच लागतो, हाताला सवय आहे.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली कंपनी. कारखाना कुर्ल्याला. १९६४ पासून तिथं फियाट ११०० डिलाइट बनायची. तिलाच पुढं १९७४ मध्ये चितोडच्या राणीचं नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं. मुंबईच्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, त्यामुळं ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवशी अब्बा टीव्हीसमोर बसून होते. काही बोलले नाहीत, फक्त आवाज वाढवायला सांगितला. पुढच्या वर्षी ते गेले.

नवापूर बोईसर स्टेशनापासून पश्चिमेला सात-आठ किलोमीटर. समुद्र घरापासून चालत पाच मिनिटांवर. आमच्याकडं खिडकीचे गज, विहिरीची कप्पी, सायकलची चेन, कशालाच फार आयुष्य नसतं. शेजारचे मांगेला लोक होड्यांच्या बाबतीत जी काळजी घेतात, ती आम्ही गाडीच्या बाबतीत घेतली नाही, हे खरं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाडी शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच.

पुण्याचे एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवतात. त्यांनी फोटो पाहून दोन किमती सांगितल्या: बॉडी चांगली असेल तर एक, आहे तशी असेल तर तिच्या निम्म्याहून कमी. हिशेब सोपा नव्हता, कारण गाडी आता अब्बांचा वारसा होती. अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात आम्हा दोघा भावांचे दोन-दोन आणि आपाचा एक. दुरुस्तीवर जे जाईल ते सगळ्यांच्या वाट्यातून जाणार. मोठे भाई फोनवर म्हणाले, "चार दिवसांत रंगवून दे आणि मोकळा हो. त्या माणसाला गाडी चालवायची थोडीच आहे, शोसाठी हवी आहे."

बोईसरला नवापूर रस्त्यावर एक डेंटर आहेत, वसईचे, वय साठीच्या पुढं. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, म्हणून मीही. मी शाळेत शिकवतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि बोटाच्या पेरानं पत्रा वाजवत गेले. चांगला पत्रा टण् वाजतो, पुट्टी ठक् वाजते. डाव्या बाजूला आल्यावर ठक् ठक् ठक् सुरू झालं.

"मास्तर, इथं गाडी नाही. इथं पुट्टी आहे."

मग त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक: वरवर घासून, भोकात जाळी भरून, पुट्टी, प्रायमर, रंग. चार दिवस. एक पावसाळा आरामात निघेल, दुसरा निघणार नाही. दोन: सडलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि नवा बसवायचा. दीड महिना, चौपट पैसे. "गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच दिसतील," ते म्हणाले. "तुम्हाला कसं दिसेल ते तुम्ही बघा."

मी विज्ञान शिकवतो, तेव्हा गंज कसा चढतो हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. लोखंड, पाणी, हवा. मीठ असलं की पाण्यातून वीज सहज वाहते आणि क्रिया भराभर होते. पण फळ्यावर जे लिहीत नाही ते गाडीखाली दिसलं. गंज लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, म्हणून तो दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला की पाचर मारल्यासारखा सांधा उकलतो. रंग फुगतो तो शेवटी, आतलं काम उरकल्यावर. आणि तो नेहमी त्याच जागा धरतो: दरवाजांचा तळ, जिथली पाणी जायची छिद्रं चिखलानं बुजतात, चाकांवरच्या कमानी, जिथं खालून माती बसते, बॅटरीखाली, पुढच्या काचेच्या रबराखाली, डिक्कीत स्टेपनीचा खड्डा, आणि पाय ठेवतो तिथं, रबरी मॅटच्या खाली. ओली मॅट ही गाडीची दुश्मन, असं उस्ताद म्हणतात. आमच्याकडं समुद्रावरून आलेली मुलं वाळूचे पाय घेऊन थेट गाडीत चढायची.

पुट्टीचं आणखी एक. ती पत्र्यावर झाकण घालते असं वाटतं, पण तिला ओल लागते. खालून ओल आली की पुट्टी ती धरून ठेवते, ओल्या फडक्यासारखी. उघडा पत्रा निदान उन्हात वाळतो तरी. झाकलेला वाळत नाही.

मी उस्तादांना म्हटलं, ग्राइंडर लावा, मग ठरवू.

रंगाचा थर गेला, प्रायमर गेला, आणि मग गुलाबीसर पुट्टीची पावडर उडायला लागली. खूप उडाली. छोटू मागं सरकला. बोटभर जाडी होती काही ठिकाणी. त्याच्या मागं तारेची जाळी, आणि जाळीच्या मागं वर्तमानपत्राचे गोळे. उस्तादांनी चिमट्यानं एक गोळा ओढून काढला आणि शिवी हासडली. "कुणी केलंय हे?"

मी गप्प राहिलो. कारण ते मी करवून घेतलं होतं.

२०१० साली अब्बांनी मला अठरा हजार रुपये दिले होते. तेव्हाही डाव्या बाजूला गंज होता, पण थोडा. अब्बांचा गुडघा दुखत होता, म्हणून गाडी मी घेऊन गेलो. एका गॅरेजवाल्यानं कापून वेल्डिंग करायचे अठराच सांगितले. दुसऱ्यानं विचारलं, दिसायला चांगली पाहिजे की काय? आणि नऊ सांगितले. मी दुसऱ्याकडं टाकली. उरलेल्या पैशांतून नोकियाचा फोन घेतला आणि घरी सांगितलं की कॉलेजातल्या दोस्तानं जुना दिला. बावीस वर्षांचा होतो. हे सांगून सुटका करून घेत नाही, बावीस हे काही लहान वय नाही.

गाडी आणली तेव्हा अब्बा बाहेर आले. काठी टेकत एक फेरी मारली. डाव्या बाजूला बोटाच्या पेरानं दोन-तीनदा वाजवलं. मग म्हणाले, "रंग चांगला लागलाय." एवढंच. मला वाटलं, सुटलो.

पंचवीस वर्षं टॅक्सी चालवलेल्या माणसाला ठक् आणि टण् कळत नसेल, हे मला तेव्हा कसं खरं वाटलं?

संध्याकाळी घरी येऊन अम्मीला सांगितलं. सगळं सांगितलं, फोनसकट. ती भाजी निवडत होती. थोडा वेळ निवडतच राहिली. मग म्हणाली, "म्हणून का? ते मला कधी पुढच्या सीटवर बसू द्यायचे नाहीत. म्हणायचे, डाव्या बाजूचा दरवाजा नीट लागत नाही, तू मागं माझ्या पाठीशी बस. मी म्हणायचे, टॅक्सीवाल्याची सवय, बायकोलाही पॅसेंजर करून ठेवलंय."

डावीकडचा दरवाजा अगदी व्यवस्थित लागायचा. मी कितीदा लावला होता.

दुसऱ्या दिवशी भाईंना आणि आपाला फोन केला. सांगितलं की पत्रा कापून काम करायचं, आणि डाव्या बाजूचा सगळा खर्च माझा, वाटणीत धरायचा नाही. आपा "ठीक आहे" म्हणाली. भाईंनी विचारलं, का? तेही सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "तो फोन मी पण वापरलाय."

पद्मिनीला खाली वेगळी चासी नसते. बॉडी हाच तिचा सांगाडा, आणि दरवाजांखालची ती पोकळ पट्टी म्हणजे गाडीचा कणा. ती अशीच कापली तर गाडी मधे झुकते आणि मग एकही दरवाजा लागत नाही. म्हणून उस्तादांनी आधी गाडी चार घोड्यांवर सपाट घेतली, दरवाजांच्या चौकटीत लोखंडी सळ्या आडव्या-तिरप्या वेल्ड करून चौकट जखडली, आणि मगच कटर लावला. आत आणखी एक पत्रा असतो, तोही गेला होता. वीस गेजचा नवा पत्रा कागदी नमुन्यावरून कापला, कडेला वाकवून घेतला, हातोडा आणि मागं डॉली धरून गोलाई काढली. ही गोलाई बघण्यासारखी असते. हातोडा जोरात कधीच पडत नाही, पत्र्याला समजावल्यासारखा पडतो.

वेल्डिंग सीओटूचं. एका टोकाकडून दुसरीकडं सलग ओढत गेलं तर पातळ पत्रा तापून लाटेसारखा वाकतो, म्हणून एक टाका इथं, एक हातभर लांब, मग ओलं फडकं, मग थांबणं. दोन टाक्यांच्या मधे परत टाका. असं करत करत शिलाई पुरी होते. दुपारी असरच्या अजानला उस्ताद मशीन बंद करायचे, आणि मला वाटतं पत्र्यालाही ती विश्रांती बरी पडत असावी. आतून रेड ऑक्साइड, सांध्यांत सीलर, आणि सगळ्यात शेवटी पोकळीत छिद्रातून मेण फवारलं. पूर्वी टॅक्सीवाले जळकं ऑइल मारायचे. घाण, पण उपयोगी. अब्बाही मारायचे, उजव्या बाजूला अजून त्याचा काळा थर होता.

त्या थराखाली उजवीकडं एक ठिगळ निघालं. तळहाताएवढं, कडेनं पितळेची झाळ दिलेलं, कानशीनं घासून गुळगुळीत केलेलं. अब्बांनी २००१ च्या सुमारास मुंबईला आपल्या ओळखीच्या गॅरेजात उभं राहून करून घेतलेलं. समुद्राशेजारी चोवीस वर्षं काढून ते ठिगळ जागचं हललं नव्हतं. उस्तादांनी वाजवून पाहिलं. "हे काढू नका," ते म्हणाले. मी काढा म्हणणारही नव्हतो.

सगळीकडं मात्र नवा पत्रा बसला नाही. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर वेल्डिंगनं पत्रा थोडा दबला, तिथं पातळ पुट्टी लागलीच. पुट्टीला माझा विरोध नाही. चांगल्या पत्र्यावरची लहानशी खोली भरायला ती बनलेली आहे. भोक भरायला नाही.

गिऱ्हाईक येणार होते त्याच्या आदल्या रात्री मला मदरशातली एक गोष्ट आठवली. प्रत्येक मुस्लिम घरात माहीत असते ती. बाजारात धान्याची रास होती, प्रेषितांनी आत हात घातला तर आतलं धान्य ओलं. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. तर मग ओलं वर का ठेवलं नाहीस, म्हणजे लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं. लहानपणी मला वाटायचं की गोष्ट फसवणुकीची आहे. आता वाटतं तिच्यात पावसाला दोष नाही, तेही लक्षात ठेवावं. गंजाचं तसंच. तो खाऱ्या वाऱ्यात येतोच.

गृहस्थ सकाळी आले. खिशातून रुमालात गुंडाळलेलं चुंबक काढलं. जाणकार होते. पुढून सुरुवात केली. बॉनेट, मडगार्ड, दरवाजे, चुंबक सगळीकडं धरत होतं. ते मागं यायच्या आधी मीच म्हटलं, "या कमानीवर कमी धरेल, पुट्टी आहे." मग काम चालू असताना काढलेले फोटो मोबाइलवर दाखवले, कापलेली पट्टी, वर्तमानपत्राचे गोळे, उजवीकडचं ठिगळ. आधीची पुट्टी कुणी भरली होती, तेही सांगितलं. ते गोळ्यांचा फोटो बराच वेळ बघत होते. ठरलेल्या किमतीतून चार हजार कमी केले, कमानीसाठी. ते मी माझ्या हिश्श्यात घेतले.

टेम्पो दुपारी येणार होता. त्याआधी मी अम्मीला म्हटलं, चल, किनाऱ्यापर्यंत जाऊन येऊ. ती सवयीनं मागचा दरवाजा उघडायला गेली. मी पुढचा डावा उघडून धरला. नवीन पट्टीमुळं तो जरा घट्ट झाला होता. तिनं ओढला, लागला नाही. पुन्हा ओढला.

"बघ," ती म्हणाली, "आता खरंच नीट लागत नाही."

मी बाहेरून हात लावून जोरात ढकलला.